सुई टोचल्यावर कुणाकडे जायचं?

सातारा जिल्ह्यातले एक निवृत्त सुभेदार लिहितात : ‘मुलगी एमबीबीएस झाली. इंटर्नशिपमध्ये तिला रुग्णाची सुई टोचली, तेव्हा पुढं काय करायचं हे वॉर्डात कुणालाच धड सांगता येईना. मी तोफखान्यात होतो, कान अधू झालेत. आता ती म्हणते, दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांचं आणि माजी सैनिकांचं कामापायी बिघडणारं आरोग्य, यातच मला काम करायचंय. यात पोट भरतं का?’

सुभेदारसाहेब, भरतं. पण आपल्याकडे ते पोट आधी कारखाना भरतो, हे तिला सांगा. या विषयाचा स्वतंत्र डॉक्टर ठेवणारी रुग्णालयं फार थोडी.

काम मात्र तिथं ढीगभर पडलंय. सुई टोचली तर साबण-पाण्यानं धुवायचं, जखम पिळायची नाही आणि लगेच कळवायचं. रुग्णाची तपासणी होते. एचआयव्हीचा धोका दिसला तर गोळ्या शक्यतो दोन तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यायच्या. हे रात्री तीन वाजता आयाबाईंनाही मिळालं पाहिजे, आणि खरी अडचण तिथंच आहे. शिवाय वॉर्डातला क्षय, कर्करोगाची औषधं कालवणाऱ्या सिस्टर, रुग्ण उचलून गेलेल्या कमरा, एक्स-रे विभागात अंगावर पडणारे किरण मोजणारे बॅज. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, शिवाय दरवर्षी आरोग्य तपासणी बंधनकारक आहे. एनएबीएच या रुग्णालयांच्या दर्जाच्या मानांकनातही कर्मचाऱ्यांचं आरोग्य पाहिलं जातं. आज हे बहुतेक ठिकाणी संसर्ग नियंत्रणाच्या सिस्टर आणि एचआर मिळून रेटतात. तुमच्या लेकीला शिरकाव तिथूनच.

माजी सैनिकांचं थोडं वेगळं आहे. 2003 पासूनची ईसीएचएस ही माजी सैनिकांची आरोग्य योजना मुख्यतः उपचारांची. पॉलिक्लिनिकमध्ये डॉक्टर कंत्राटी असतात आणि बीपी-शुगरच्या रांगेतच दिवस जातो. आजार नोकरीमुळे झाला की नोकरीत बळावला, हा प्रश्न अपंगत्व पेन्शनच्या मेडिकल बोर्डात येतो, हे तुम्हाला मी काय सांगावं! त्या प्रश्नाचं उत्तर शोधायची सवय मात्र कारखान्यात लागते. तोफेनं गेलेला कान असो की पत्रे ठोकणाऱ्या प्रेसशॉपच्या आवाजानं, ऑडिओग्रामवरचा म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखावरचा खड्डा बहुधा 4000 हर्ट्झच्या आसपासच पडतो.

म्हणून मार्ग असा. एएफआयएच हा डॉक्टरांसाठी औद्योगिक आरोग्याचा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम. मुंबईत शीवच्या केंद्रीय श्रम संस्थेत होतो. कुरकुंभ, लोटे, तारापूरसारख्या रासायनिक वसाहतींत कारखान्याचा डॉक्टर नेमताना हीच पात्रता विचारतात. प्रवेशाच्या अटी त्या वर्षीच्या सूचनेतून वाचा; कोचिंगवाल्याच्या तोंडून ऐकू नका.

पण इंटर्नशिप संपल्या संपल्या तिनं तिकडे धावू नये, असं माझं मत. वर्ष-दोन वर्षं कॅज्युअल्टीत किंवा मेडिसिनच्या वॉर्डात काढू द्या. पेशंट न पाहिलेला फॅक्टरी डॉक्टर फिटनेसच्या कागदांवर सह्या करणारा बाबू होतो. असे पुष्कळ आहेत. त्याच काळात नीट-पीजी द्यावी. कम्युनिटी मेडिसिनमध्ये एमडी मिळालं तर हा विषय त्यात येतोच, शिवाय मेडिकल कॉलेजात शिकवायची वाट खुली राहते. घरात त्या शाखेला ‘शेवटची ब्रँच’ म्हणून नाकं मुरडली जातील. तेवढं तुम्ही सांभाळा.