चार-पाच जणांसाठी लिहिलेलं डी अँड डीचं ॲडव्हेंचर दोनच खेळाडूंना कसं खेळवायचं?

तुम्ही लिहिलंय की डी अँड डीचा (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून भूमिका करायचा खेळ) ग्रुप पांगला, उरलात डीएम म्हणून (गोष्ट सांगणारा आणि बाकी सगळी पात्रं चालवणारा) तुम्ही आणि दोन खेळाडू, आणि हातात आहे 'लॉस्ट माइन ऑफ फँडेल्व्हर' हे छापील ॲडव्हेंचर. मी हेच ॲडव्हेंचर बायको आणि भाचा अशा दोघांना खेळवलंय आणि पहिल्याच संध्याकाळी माती खाल्ली आहे. तर आधी तेच सांगतो.

2014च्या स्टार्टर सेटमधलं हे ॲडव्हेंचर चार-पाच कॅरेक्टर धरून लिहिलंय. सुरुवात तुम्ही वाचली असेलच: रस्त्यात दोन मेलेले घोडे, त्यांच्या अंगात काळ्या पिसांचे बाण, झाडीत दबा धरून चार गॉब्लिन (खुजे, दुष्ट प्राणी). मी म्हटलं, दोघंच आहेत ना, मग गॉब्लिनचे हिट पॉइंट (किती मार सोसतो त्याचा आकडा) 7 वरून 4 करू, झालं काम. बायकोची फायटर (योद्धा) 12 हिट पॉइंटची, भाच्याचा विझार्ड (जादूगार) 7चा. फासे मी सगळ्यांसमोर टाकतो, त्यामुळे लपवाछपवीची सोय नाही. दुसऱ्या फेरीत विझार्ड आडवा, तिसऱ्या फेरीत फायटर. भाच्याने दोन दिवस खपून विझार्डचं चित्र काढलं होतं, ते वीस मिनिटांत चहाच्या कपाखाली गेलं.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. गॉब्लिन किती टिकतो हा प्रश्नच नव्हता. एका फेरीत त्यांचे चार टर्न, आमचे दोन. गॉब्लिनचा एक बाण लागला की सरासरी 5 जातात, म्हणजे दोन बाणांत विझार्ड संपला. तेव्हा मोजायचे ते टर्न.

2014च्या नियमांत याचं गणित आहे आणि छोट्या ग्रुपसाठी मला तेच जास्त उपयोगी वाटतं (2024च्या पुस्तकात त्यातला, शत्रू जास्त असले की लावायचा गुणक काढून टाकलाय). एका गॉब्लिनचे 50 एक्सपी (हरवल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण). चार म्हणजे 200, संख्या जास्त म्हणून दुप्पट, 400. लेव्हल 1च्या चौघांसाठी 'डेडली'ची (जीवघेण्या लढाईची) हद्द बरोबर 400! म्हणजे ही लढाई चौघांनाही जड आहे. पार्टी तिघांपेक्षा लहान असली की गुणक एक पायरी वर जातो, म्हणून दोघांसाठी तेच गॉब्लिन 500 एक्सपीचे होतात आणि हद्द असते 200. दोनच गॉब्लिन ठेवलेत तरी बरोबर 200 होतात. म्हणून माझा पहिला सल्ला: दोघांना थेट लेव्हल 2वर सुरू करा. तिथे दोन गॉब्लिन 'मीडियम' होतात, तीन 'हार्ड'. मी दुसऱ्या खेपेला दोन ठेवले आणि तिसरा लांबून बघून पळाला. त्याच्या मागावर दोघं आपणहून गॉब्लिनच्या गुहेपर्यंत गेली.

लहानपणी मेंढीकोटला चौघं जमले नाहीत तर काय करायचो आठवतंय? तिघं असले तर पाच-तीन-दोन, दोघंच उरले तर सात-आठ. मेंढीकोटचीच पानं कमी करून कुणी दोघांत खेळत बसत नव्हतं. इथेही तसंच आहे. दोघांचा खेळ लढाईपेक्षा बोलण्याकडे झुकतो, आणि या ॲडव्हेंचरमध्ये बोलायला जागा भरपूर आहेत.

गुहेतला यीमिक घ्या. हा गॉब्लिन कैद केलेल्या जखमी सिल्डरला उंच कठड्यावर ओढत आणतो आणि सौदा मांडतो: क्लार्गला (त्यांच्या सरदाराला) मारा, त्याचं डोकं आणा, मग माणूस सोडतो. चौघांच्या टेबलावर इथे कुणीतरी बाण सोडतोच. आमच्याकडे दोघंही गप्प. मग भाचा पुढे सरकून म्हणाला, "म्हणजे तुला सरदार व्हायचंय. मग आम्हाला तुझी दोन माणसं दे." पुस्तकात याला उत्तर नाही. मी यीमिकच्या आवाजात "एक देतो" म्हटलं आणि पुढचा पाऊण तास घासाघीस चालली. मंडईत कोथिंबिरीच्या जुडीवर इतका वेळ कुणी घालवत नसेल. शेवटी एकच मिळाला, आणि तोही खाणं आगाऊ घेऊन.

क्लार्गला मात्र जपून. तो बगबेअर, म्हणजे गॉब्लिनांचा दांडगा भाऊबंद; त्याचा एक घाव सरासरी 11चा, आणि अचानक गाठलंन तर पहिल्या फेरीत वर आणखी दोन फासे. मी त्याच्या खोलीतले दोन्ही गॉब्लिन काढले, क्लार्ग आणि लांडगा ठेवले. लांडग्यापुढे बायकोने खारवलेलं मांस टाकलं आणि तो त्यातच रमला.

साइडकिकचं (जोडीला घ्यायच्या मदतनीस पात्राचं) तुम्ही विचारलंच आहे. 2019च्या इसेन्शियल्स किटमध्ये त्याचे सुटसुटीत नियम आहेत: वॉरियर, एक्स्पर्ट, स्पेलकास्टर असे तीन प्रकार. सिल्डर सुटला की त्याला वॉरियर करा, पण त्याचा कागद खेळाडूच्या हातात द्या. मी सुरुवातीला तो स्वतः चालवला. परिणाम असा की प्रश्न विचारणारा मी, उत्तर देणारा मी, आणि समोरची दोघं नाटक बघायला आल्यासारखी. बायकोकडे दिल्यावर सिल्डर अचानक खवचट झाला, तो भाग वेगळा.

बाकी किरकोळ: क्लेरिक (जखमा बऱ्या करणारा) नसेल तर हीलिंग पोशन सढळ हाताने पेरा, 'रोग' (rogue, म्हणजे चोर) नसेल तर कुलपं लाथेने उघडू द्या, आणि पुढे जायला लागणारी माहिती फाशांच्या एकाच रोलवर टांगू नका. दोघांत वाद कमी होतात, म्हणून सेशन भराभर सरकतं. चौघांना जे तीन तास पुरतं ते इथे दीड तासात संपतं. तेवढी जास्त तयारी ठेवा.

थंडरट्री या उजाड गावातला व्हेनमफँग हा ड्रॅगन काढून टाकावा असं तुम्हाला वाटतंय. काढू नका. 136 हिट पॉइंट आणि सरासरी 42चा विषारी फूत्कार, म्हणजे तुमची दोघं एका श्वासात गेली हे खरं. पण हिरवा ड्रॅगन धूर्त असतो, त्याला बोलायला आवडतं. तो बुरुजावरून मान खाली घालून "तुम्हाला इथे कुणी पाठवलं?" असं विचारेल तेव्हा घाईने फासे उचलू नका. आमच्याकडे भाच्याने सरळ "मामीने" असं सांगून टाकलं, आणि मामी तिथेच बसली होती.