वाचकांचे प्रश्न : गल्ला हाती, पण मत नाही

प्रश्न : १८९३ साली न्यूझीलंडमधील स्त्रियांनी मताधिकारासाठी केलेल्या अर्जावर दुकान चालवणाऱ्या विधवांच्याही सह्या होत्या, असे वाचनात आले. आजोबांच्या माघारी मांडवीजवळचे आमचे दुकान आजीनेच चालवले, म्हणून विचारते. जिच्या हाती स्वतःचा गल्ला होता, तिला मताची निकड का भासावी?
– एक वाचक, बडोदे

उत्तर : गल्ला हाती होता म्हणूनच ती निकड तिला अधिक भासली असावी, असे आम्हांला वाटते. त्या काळच्या इंग्रजी कायद्यात विवाहितेचे अस्तित्व बहुतांशी नवऱ्याच्या अस्तित्वातच जमा धरले जाई. न्यूझीलंडमध्ये १८८४च्या कायद्याने तिला स्वतःच्या नावावर मालमत्ता बाळगता येऊ लागली. विधवेवर हे बंधन नव्हते. ती घाऊक व्यापाऱ्याशी स्वतःच्या नावाने व्यवहार करू शके, दुकानाची पट्टी भरी, आणि पट्टी भरणारी म्हणून १८७०च्या दशकापासून नगरपालिकेच्या निवडणुकीत तिला मतही होते. मात्र १८७९ साली मालमत्तेची अट काढून सर्व प्रौढ पुरुषांना संसदेसाठी मत मिळाले, तेव्हा तिच्या दुकानात पोती उचलणारा गडी मतदार झाला आणि त्याचा पगार चुकवणारी मालकीण बाहेर राहिली. हा अन्याय तिला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दुसरे कारण दारूचे. केट शेपर्ड यांच्या नेतृत्वाखालील चळवळीचा कणा १८८५ साली तेथे स्थापन झालेली स्त्रियांची मद्यपानविरोधी संघटना होती, आणि कोणत्या घरचा पगार गुत्त्यात जातो हे वाणसामान उधार देणाऱ्या बाईला आपल्या खातेवहीतच दिसत असणार.

कार्यकर्त्या दारोदार फिरून सह्या घेत. मुख्य अर्जाचे ५४६ कागद एकाला एक चिकटवून झाडूच्या दांड्याच्या तुकड्यावर गुंडाळले होते. सुमारे २७० मीटर लांबीची ती गुंडाळी सर जॉन हॉल यांनी सभागृहात उलगडली. त्या वर्षीच्या सगळ्या अर्जांवर मिळून जवळजवळ ३२ हजार सह्या होत्या. वरिष्ठ सभागृहात विधेयक २० विरुद्ध १८ अशा निसटत्या मतांनी मंजूर झाले, १९ सप्टेंबर रोजी त्याचा कायदा झाला आणि २८ नोव्हेंबरच्या निवडणुकीत सुमारे ९० हजार स्त्रियांनी मतदान केले. उमेदवारीचा हक्क मात्र १९१९ पर्यंत मिळाला नाही.

आपल्याकडे त्याच १८९३ साली सयाजीराव महाराजांनी अमरेली भागात मुलामुलींच्या सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग सुरू केला, ही गोष्ट बडोदेकरांनी अभिमानाने सांगावी अशीच आहे. परंतु हिंदू विधवेला नवऱ्याच्या मालमत्तेवर सामान्यतः हयातीपुरताच हक्क असे आणि पूर्ण मालकी १९५६च्या कायद्याने मिळाली, हेही आपल्या आजींच्या दुकानाचा विचार करताना ध्यानात ठेवावे.

मुख्य अर्ज वेलिंग्टन येथे जतन केलेला असून त्यावरील नावे आता संगणकावर शोधता येतात. अर्जावर सहीसोबत पत्ता असला, तरी व्यवसाय नोंदवलेला नाही. तो पाहण्यासाठी ते नाव १८९३च्या मतदारयादीशी ताडून पाहावे लागते.