जॉइनिंगची तारीख येईपर्यंत

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. ऑफर लेटर हातात आहे, जॉइनिंग दोनदा पुढे गेलं, एचआर फक्त "लवकरच कळवू" म्हणते आणि घरचे रोज विचारतात. यात तुझा काहीच दोष नाही, हे आधी डोक्यात पक्कं बसव. मधल्या तीन-चार महिन्यांसाठी आयटीत काम मिळेल का विचारलंस तर मिळेल, पण नोकरीच्या साइटवर नुसतं अप्लाय करत बसलास तर अवघड आहे, कारण तिथल्या काँट्रॅक्टच्या जाहिराती बहुतेक अनुभवी लोकांसाठी असतात. फ्रेशरला मिळणारं थोड्या दिवसांचं काम ओळखीतून फिरतं.

सध्या कुठे बघायचं ते सांगतो. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) लागतं, इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचा, म्हणजे बऱ्याच जुन्या मशीन बदलाव्या लागतात. कंपन्या, कॉलेजं, पतसंस्था सगळीकडे हे काम निघालं, अजून सगळीकडे संपलेलं नाही. मोठी कंपनी ते व्हेंडरला देते, व्हेंडर पुढे छोट्या व्हेंडरला, आणि त्याला पोरं हवी असतात. त्यामुळे तुझ्या तालुक्यात कॉलेजांना मशीन पुरवणारा जो कॉम्प्युटर डीलर आहे त्याच्याकडे स्वतः जा, दुपारी गर्दी नसताना जा, आणि "काहीही काम द्या" असं म्हणू नकोस, "मी लॅपटॉप रिफ्रेश करू शकतो" असं सांग, म्हणजे जुनं मशीन काढून त्यातला डेटा नव्या मशीनवर नेऊन देणं.

आणि ते खरंच शिकून जा. लोकांना वाटतं विंडोज टाकलं की झालं, पण खरी जबाबदारी त्याच्या आधी असते. जुन्या मशीनचा सिरीयल नंबर आणि असेट टॅग (कंपनीने मशीनला दिलेला नंबर) शीटमध्ये लिहायचा, बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्क लॉक चालू असेल तर ते उघडायची रिकव्हरी की आहे का बघायचं, मग युजरला शेजारी बसवून विचारायचं की डेस्कटॉप आणि डाउनलोड्स सोडून अजून कुठे काही ठेवलंय का. अकाउंट्सवाल्यांचा टॅलीचा डेटा, आउटलुकची जुन्या मेलची पीएसटी फाइल हमखास डी ड्राइव्हवर कुठेतरी पडलेली असते. नव्या मशीनवर ती फाइल उघडून दाखवायची, सही घ्यायची आणि मगच जुनं मशीन फॉरमॅटला द्यायचं. हा क्रम ज्याला पाठ आहे त्याला व्हेंडर पुढच्या साइटला स्वतःहून फोन करतो.

दुसरं म्हणजे सीईटीचा सीझन. एमएचटी-सीईटी कॉम्प्युटरवर होते, एप्रिल-मे मध्ये केंद्रांवर लॅब सांभाळायला माणसं लागतात. रोजावर पैसे मिळतात, काम थोडेच दिवस. तुझ्या कॉलेजच्या लॅब असिस्टंटला आत्ताच सांगून ठेव, आणि घरातलं कोणी तीच परीक्षा देणार असेल तर तेही तेव्हाच सांग.

आता पैशाचं. काम घेण्याआधी दोनच गोष्टी विचार, पैसे कोण देणार आणि कधी देणार. थर्ड पार्टी पेरोल असेल तर तू बसतोस एका कंपनीत आणि पगार देते दुसरी, अशा वेळी लेटरवर नाव कोणाचं आहे ते बघ. नोटीस पिरियड पण बघ, तीन महिन्यांच्या कामाला दोन महिन्यांची नोटीस लिहिलेली असेल तर जॉइनिंगच्या वेळी तू अडकशील. प्रोफेशनल फी म्हणून पैसे देणार असतील तर बऱ्याचदा १० टक्के टीडीएस (आधीच कापलेला टॅक्स) कापतात, तो तुझ्या पॅनवर जमा झालाय का हे इन्कम टॅक्सच्या साइटवर टॅक्स क्रेडिटच्या स्टेटमेंटमध्ये (२६एएस) बघायचं, वर्षाचं उत्पन्न टॅक्सच्या मर्यादेखाली असेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो.

पीएफ कापला तर तुझा यूएएन, म्हणजे पीएफचा ओळख नंबर, तयार होईल, तोच नंबर आयुष्यभर राहतो. पुढची कंपनी व्हेरिफिकेशन करते तेव्हा या कामाची नोंद त्यात दिसू शकते, त्यामुळे ऑफर लेटरमधल्या अटी वाच, एचआरला आधीच मेल टाकून विचार की जॉइनिंगपर्यंत असं काम केलं तर चालेल का, आणि ते उत्तर जपून ठेव. काम संपलं की रिलीव्हिंग लेटर (काम सोडल्याचं पत्र) घेतल्याशिवाय निघू नकोस. लपवालपवी अजिबात नको, या एका गोष्टीवर मी फार आग्रही आहे कारण तीन महिन्यांच्या पगारासाठी हातातली ऑफर जायला नको.

रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग किंवा लॅपटॉप डिपॉझिटच्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर तिथून उठ. ओरिजनल मार्कशीट कोणाकडे ठेवायची नाही, झेरॉक्स द्यायची. आणि "दोन वर्षांचा एक्स्पीरियन्स दाखवून देतो" म्हणणारे भेटतीलच, त्यांचा नंबरही सेव्ह करू नकोस.

या आठवड्यात डीलरकडे जाऊन ये आणि काय म्हणाला ते कळव. कुठलंही लेटर सही करायच्या आधी त्याची पीडीएफ मला व्हॉट्सअॅपवर टाक, रात्री नऊनंतर मी मोकळा असतो, सगळं ओळीने वाचून सांगतो.

तुझा,
दादा