पहिली गाडी घेतोय? मग एवढं ऐक

भाऊ, ‘कोणती कंपनी भारी?’ हे आधी डोक्यातून काढ. आमच्याकडे वडिलांपासून एकाच कंपनीची गाडी. त्या प्रेमापोटी तिसरी डोळे झाकून घेतली, अन् दोन वर्षांत क्लच आणि एसीचा कॉम्प्रेसर, दोन्ही बसले. बिल्ला तोच होता, गाडी वेगळी!

म्हणून मॉडेल बघ. तेच मॉडेल चार-पाच वर्षं वापरणारे दोघं-तिघं गाठ. ‘कशी आहे?’ विचारू नको, सगळे ‘एक नंबर’च म्हणतात. ‘शेवटचं मोठं बिल कशाचं आलं?’ असं विचार.

नवशिके इथे चुकतात:
- कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) टाकीत बोअरचं पाणी. क्षारांनी रेडिएटर चोंदतो, आणि जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा इंजिन तापतं. तापलेल्या रेडिएटरचं झाकण तर उघडूच नको. माझ्या मनगटावर डाग अजून आहे.
- टायरची हवा दुपारी तपासणं. सकाळी, टायर थंड असताना बघ. किती हवा भरायची तो आकडा बहुधा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर असतो.
- उन्हात बॅटरी लवकर म्हातारी होते, हे विसरणं.

अलॉय चाकं, रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) वगैरे नंतर बोलू. सध्या सर्व्हिसची बिलं एका फाइलीत लावत जा.