दाखवून देईन म्हणणाऱ्या पोरीला

प्रिय बेटा,

तुझं पत्र पोचलं. तलाठ्याच्या यादीत नाव लागलं, पुढे राज्यसेवा देऊन उपजिल्हाधिकारी व्हायचं आहे, हे वाचून छाती फुगली. त्याच्याच खाली तू माझ्यावर आरोप ठेवलास : "सर, तुम्ही वर्गात ज्या ज्या महत्त्वाकांक्षी माणसांच्या गोष्टी सांगितल्या, ते सगळे शेवटी मेले तरी नाहीतर देशोधडीला तरी लागले. मग मी काय जन्मभर सातबाराच लिहू?" आरोप खरा आहे. मास्तरांना अशाच गोष्टी आवडतात, पोरं गप बसतात.

पण मी अडकलो ते पत्रातल्या दुसऱ्याच दोन वाक्यांपाशी. पुण्याच्या अभ्यासिकेत तू 'का'ऐवजी आपलं "काऊन" म्हटलंस की मुली हसायच्या, "त्यांना एक दिवस दाखवूनच देते." आणि शेवटी, जाता जाता : "बाबांना म्हटलं, रुजू व्हायच्या दिवशी येऊ नका, उगीच धावपळ." परीक्षा दे, खुशाल दे. मला बोलायचंय ते या दोन वाक्यांबद्दल.

शेक्सपिअरचा मॅकबेथ आठव. कुसुमाग्रजांचं 'राजमुकुट' तुम्हाला वाचून दाखवलं होतं, ते याच नाटकावरून घेतलेलं. चेटकिणी म्हणाल्या राजा होशील, याने राजाला मारलं, एवढंच सगळ्यांच्या लक्षात राहतं. पण खुनाच्या आधी एक जागा आहे. राजा डंकन याच्याच घरी जेवायला बसलेला, आणि हा एकटा बाहेर येऊन मनाशी हिशेब मांडतो. मी याचा नातलग, याचा चाकर आणि आज याचा यजमान. मारेकरी आला तर दार लावून घ्यायचं मी, आणि सुरा मीच धरू? हिशेब बरोबर सुटतो. बायकोला तो सांगूनही टाकतो की हे आता पुढे न्यायचं नाही. मग ती त्याला भित्रा ठरवते, त्याच्या मर्दपणावर येते, आणि थोड्याच वेळात गडी तयार. राज्याचा लोभ त्याला होताच, पण तो आवरला गेला होता. डंकनचा जीव घेतला तो त्या टोमण्याने, असं माझं मत. इंग्रजीचे प्राध्यापक मान्य करणार नाहीत. न करोत.

डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मधला पिप तर तुझ्या शेजारच्याच बाकावर बसणारा पोरगा आहे. कादंबरी १८६०-६१ सालची. लोहाराच्या घरात वाढलेलं पोर एका श्रीमंत बाईच्या वाड्यावर पत्ते खेळायला जातं. तिथली एस्टेला नावाची मुलगी हसते : पत्त्यातल्या गुलामाला हा कसला गावंढळ शब्द वापरतो, हात किती राठ, बूट किती जाड! तोवर पिपला आपले हात कधी दिसलेही नव्हते. त्या दिवसापासून त्याला सभ्य गृहस्थ व्हायचंय. पुढे कुठून तरी पैसा येतो, तो लंडनला जातो, आणि एक दिवस ज्याने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं तो 'जो' नावाचा लोहार भेटायला येतो. हे प्रकरण नीट वाच. जोने ठेवणीतले कपडे घातलेत. हातातली टोपी कोणाला देववत नाही. शेवटी ती तो शेकोटीवरच्या फळीच्या कोपऱ्यावर ठेवतो आणि ती पुन्हापुन्हा पडते. तो धावत जाऊन झेलतो, पुन्हा ठेवतो. आपल्याच पोराला मध्येच "सर" म्हणतो. आणि पिप कबूल करतो की पैसे देऊन याचं येणं टळलं असतं तर मी पैसे दिले असते. निघताना जो एवढंच म्हणतो की या कपड्यांत मी चुकीचा दिसतो, भट्टीपाशी बघशील तर मी ठीक दिसेन. पुढे पिप आजारी पडतो, कर्जात बुडतो, तेव्हा उशापाशी बसून शुश्रूषा करणारा जोच असतो. कर्जही तोच फेडतो, आणि पोरगं उठून हिंडूफिरू लागल्यावर एका सकाळी न सांगता निघून जातो.

आता याच्या शेजारी आदिपर्वातला कर्ण ठेव. शस्त्रस्पर्धेच्या रंगभूमीवर हजारो माणसं जमलेली. कर्ण अर्जुनाला आव्हान देतो, त्याला कुळ विचारलं जातं, त्याची मान खाली जाते, आणि दुर्योधन जागच्या जागी त्याला अंगदेशाचा राजा करतो. डोक्यावर अभिषेकाचं पाणी पडतं न पडतं तोच गर्दीतून अधिरथ येतो. म्हातारा सारथी, काठीच्या आधाराने चालणारा, घामाने थबथबलेला, थरथरणारा, अंगावरचा शेला घसरलेला. कर्ण धनुष्य खाली टाकतो आणि ते ओलं डोकं बापाच्या पायांवर ठेवतो. सगळ्यांदेखत! अधिरथालाच संकोच होतो, तो घाईने शेल्याच्या टोकाने आपले पाय झाकून घेतो. लगेच भीम खेकसतो : सूताच्या पोरा, तुझ्या कुळाला शोभेल असा चाबूक घे हातात.

मला वाटतं कर्ण आयुष्यात यापेक्षा मोठा पुन्हा कधी झाला नाही. आणि तरी त्याच दिवशी तो फसलाही. बापाची लाज त्याला नव्हती, पण सभेतल्या हसण्याला उत्तर हवं होतं. ते ज्याने राज्य देऊन मिळवून दिलं त्याच्याशी तो कायमचा बांधला गेला. द्यूतसभेत द्रौपदीची विटंबना होताना तो कोणत्या बाजूला होता, तुला माहीत आहे. तुझ्या साझ्यातही असे दुर्योधन भेटतील, पोरी. रेतीवाले असतील, पुढारी असतील. तालुक्याच्या कार्यक्रमात तुला पहिल्या रांगेत खुर्ची देतील आणि जिथे तुझा अपमान झाला होता नेमकी तिथेच फुंकर घालतील.

बाबांना आज फोन कर. पुस्तकांचा गठ्ठा त्यांच्याच हाती पाठवतोय, तेव्हा रुजू व्हायच्या दिवशी त्यांना यावंच लागेल. कपाळाला आठ्या घालू नको.

टॉलस्टॉयची 'माणसाला किती जमीन लागते' ही १८८६ सालची गोष्ट मात्र जमीन मोजणाऱ्या तुझ्यासारखीने पाठच करावी. तिचीही सुरुवात टोमण्यानेच होते. शहरातली मेहुणी खेड्यातल्या जगण्याला नावं ठेवते, बायको उलट बोलते, आणि पडल्या पडल्या ऐकणारा शेतकरी पाहोम म्हणतो, जमीन भरपूर असती तर मी सैतानालाही भ्यालो नसतो. आपल्याकडच्या 'वावर आहे तर पावर आहे'चाच हा रशियन भाऊ. लोकांना शेवटची साडेतीन हात जागा आठवते. तू मधलं वाच. पाहोमची गुरं मालकिणीच्या वावरात शिरली म्हणून तिचा कारभारी त्याला दंड करायचा, त्याने तो पिचला होता. मग त्याची स्वतःची जमीन होते, शेजाऱ्यांची गुरं त्याच्या कुरणात शिरतात, आणि हाच त्यांना कोर्टात खेचून दंड करवतो. शेताच्या धुऱ्याच्या कुठल्या बाजूला उभे आहोत तेवढ्याने माणूस बदलतो, हे तुला पंचनाम्याला गेल्यावर रोज दिसेल. आणि शेवटच्या दिवशी, सूर्य मावळायच्या आत परत यायचं असताना, त्याला वाटेत एक ओलसर, खोलगट लवण दिसतं. इथे जवस छान येईल, सोडवत नाही. तेवढ्यासाठी तो वळसा घेतो. कास्तकाराच्या घरची आहेस, तुलाही सोडवलं नसतं. मलाही नाही.

आणि सगळे हसणाऱ्यांच्या नादी लागून बुडाले असंही नाही. संस्कृत नाटककार भवभूती आपला, विदर्भातल्या पद्मपूरचा. संशोधक वा. वि. मिराशींनी ते गाव गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावजवळचं ठरवलं. 'मालतीमाधवा'च्या आरंभीच तो नावं ठेवणाऱ्यांना सांगतो की हा खटाटोप तुमच्यासाठी नाहीच. माझ्यासारखा कोणी कधी तरी जन्मेल, काळाला अंत नाही आणि पृथ्वी मोठी आहे. घमेंड आहे, नाही कशाला म्हणू? पण एवढं ऐकवून गडी नाटकाला लागला. पुण्याच्या मुलींना तूही फार तर इतकंच उत्तर दे.

राज्यसेवेचा फॉर्म निघाला की भर, मुदतीच्या आत. डिकन्स जाडजूड आहे, पूर्व परीक्षा होईपर्यंत त्याला हात लावू नको, फक्त जो लंडनला येतो त्या प्रकरणात मी खूण घातली आहे. टॉलस्टॉय एका बैठकीत होतो. आदिपर्व गावच्या वाचनालयाचं आहे, महिन्याभरात परत पाठव. रजिस्टरवर सही माझी आहे.

तुझा,
सर