वाचकांचे प्रश्न : रजिस्टरमध्ये १६ भरायचे, पण कशाने?

प्रश्न : आमच्या आयबीएम मेनफ्रेमवरच्या रात्रीच्या बॅचमधल्या जुन्या असेंब्लर प्रोग्रॅममध्ये रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या आकडा ठेवायच्या जागेत) १६ भरायला कुठे ‘एलए आर३,१६’, कुठे ‘एलएचआय आर३,१६’, तर कुठे ‘एल आर३,=एफ'१६'’ लिहिलंय. जुने लोक म्हणतात, काहीही वापरा. खरंच फरक नाही?
– एक वाचक, पवई

उत्तर : आकडा १६ असेपर्यंत नाही. एलए ही मुळात मेमरीतला पत्ता काढायची सूचना. १९६४च्या सिस्टिम/३६० पासून ती आहे, म्हणूनच जुन्या कोडमध्ये जिकडेतिकडे दिसते. पण तिच्यात आकडा ० ते ४०९५ एवढाच बसतो. ऋण चालत नाही. एलएचआय -३२,७६८ ते ३२,७६७ घेते, तीही चारच बाइटची. ‘=एफ'१६'’ हा लिटरल, म्हणजे मेमरीत वेगळा ठेवलेला आकडा. त्याला चार बाइट सूचनेचे, चार आकड्याचे. शिवाय मेमरीत जाणं आलं. लांबलचक प्रोग्रॅममध्ये एलटीओआरजी (‘लिटरल इथे ठेवा’ सांगणारी ओळ) टाकायचं राहिलं की लिटरल बेस रजिस्टरच्या (ज्यातल्या पत्त्यापासून अंतर मोजतात त्याच्या) ४०९६ बाइटबाहेर पडतात आणि असेंब्ली अडते. तेव्हा नवीन कोडमध्ये सरळ एलएचआय वापरा. त्यात न मावणाऱ्या आकड्याला सहा बाइटची आयआयएलएफ आहे.

एलएचआय रजिस्टरचा वरचा ३२ बिटांचा भाग मात्र जसाच्या तसा ठेवते. ६४ बिटांचं काम असेल तर एलजीएचआय हवी. नाहीतर वर उरलेला कचरा पत्त्यात शिरतो आणि एस०सी४ (मनाई असलेल्या मेमरीला हात लावल्याची चूक) येतो.

खरा घात होतो तो ‘एलए’मधला ‘ए’ गळल्यावर. ‘एल आर३,१६’ हेही वैध आहे! ते पत्ता १६ वरचे चार बाइट उचलतं आणि झेड/ओएस या मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये तिथे सीव्हीटी या तिच्या मुख्य तक्त्याचा पत्ता असतो. ती जागा वाचायला मुभा असल्याने अबेंड (प्रोग्रॅम कोसळणं) तिथे येत नाही. आर३ बीसीटीचा (मोजक एकेक कमी करत लूप फिरवणाऱ्या सूचनेचा) मोजक असेल तर १६ नोंदींच्या टेबलावरून लूप पुढे धावत सुटतो, आणि डंप (कोसळल्यावर घेतलेली मेमरीची प्रत) भलतीच ओळ दाखवतो. असेंबलरच्या फ्लॅग ऑप्शनमध्ये पेज०ची (मेमरीच्या सुरुवातीच्या पत्त्यांची) तपासणी चालू ठेवा, अशा ओळीला इशारा मिळतो.

शून्य भरायला ‘एसआर आर३,आर३’ ही स्वतःतून स्वतःला वजा करणारी सूचना दोनच बाइटची, पण ती कंडिशन कोड (आधीच्या तुलनेचा निकाल) बदलते. सीएलसी (तुलना) आणि बीई (समान असल्यास उडी) यांच्यामध्ये ती घुसवली तर बीई दर वेळी उडी मारणार. तिथे ‘एलएचआय आर३,०’.

प्रश्न : आयसी या सूचनेने मेमरीतून रजिस्टरमध्ये एक बाइट घेतला, बेरीज अधूनमधून चुकते.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आयसी फक्त उजवीकडचे ८ बिट बदलते, बाकीच्यांत आधीचा आकडा राहतो. तिथे आधीच शून्य असेल त्या दिवशी बेरीज बरोबर येते. आयसीऐवजी एलएलसी लिहा, ती ३२ बिटांतले बाकीचे शून्य करते. झेड९ पासून पुढच्या मशीनवर ती आहे. असेंबलरने ती ओळखली नाही तर ऑपटेबल ऑप्शन जुन्या मशीनचा ठेवलाय का ते बघा.