‘माजी खुनी सामुराई’ म्हणावं का?

प्रश्न असा आला आहे: ‘रुरोनी केन्शिन’ या जपानी चित्रकथेचा नायक हिमुरा केन्शिन. त्याची ओळख करून देताना ‘पश्चात्तापदग्ध माजी खुनी सामुराई’ असं लिहिलं तर चालेल का? आणि त्याच्या ‘हितोकिरी बत्तोसाई’ या बिरुदातल्या ‘हितोकिरी’ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

अर्थ पोचेल, पण चारही शब्द थोडेथोडे चुकतात. सगळ्यात आधी ‘माजी’ काढा. माजी आमदार असतो, माजी सरपंच असतो. हा शब्द पदाला लागतो. ‘माजी खुनी’ म्हटलं की मुदत संपून त्या जागी दुसरा कोणी निवडून आल्यासारखं वाटतं. इथे ‘पूर्वाश्रमीचा’ घ्या. तो संन्याशाच्या आधीच्या आयुष्यासाठी वापरायचा शब्द आहे, आणि केन्शिननेही युद्ध संपल्यावर ‘बत्तोसाई’ हे नाव टाकून दिलेलं असतं.

आता ‘हितोकिरी’. ‘हितो’ म्हणजे माणूस आणि ‘किरी’ हे ‘किरु’, म्हणजे कापणे, या क्रियापदापासून आलेलं रूप. मराठी वाचकाला हे ‘किरी’ ‘हाराकिरी’मुळे माहीत आहे, तिथे पोट कापायचं असतं, इथे माणूस. आपल्याकडे खिसेकापू आणि गळेकापू याच घडणीचे. तरी ‘माणूसकापू’ करू नका, हसू येतं. ‘गळेकापू’ आपण केव्हाच स्पर्धेला देऊन टाकला आहे. राहिले तीन. ‘खुनी’ हा कोर्टकचेरीतला शब्द. बांधावरच्या भांडणात डोक्यात दगड घालणाराही खुनीच. ‘हत्यारा’त पापाचा उल्लेख आहे, पण ते कोणाच्या सांगण्यावरून झालं याचा नाही. ‘मारेकरी’ मात्र पाठवलेला असतो. ‘मारेकरी घातले’ ही जुनी वाक्यरचनाच बघा: मारणारा एक, घालणारा दुसरा.

हितोकिरी असेच होते. १८५३ मध्ये अमेरिकन युद्धनौका जपानच्या किनाऱ्याला लागल्या, तिथपासून १८६८ मध्ये शोगुनची, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याची, सत्ता जाईपर्यंतचा काळ ‘बाकुमात्सु’ म्हणून ओळखला जातो. त्यातल्या १८६०च्या दशकात क्योतोच्या रस्त्यांवर राजकीय खून पडत होते. हितोकिरी म्हणून आज चार नावं सांगतात: तानाका शिन्बेइ, ओकादा इझो, कावाकामी गेन्साई आणि नाकामुरा हान्जिरो. इझोच्या मागे तोसा संस्थानातला ताकेची हानपेइता होता. कथेतला केन्शिन चोशू संस्थानाच्या कात्सुरा कोगोरोसाठी माणसं मारतो. हा कोगोरोही इतिहासातला खराच. म्हणून चालत्या वाक्यात ‘मारेकरी’ लिहा, आणि ‘हितोकिरी बत्तोसाई’ हे बिरुद असल्यामुळे ते तसंच ठेवा. ‘बत्तो’ म्हणजे म्यानातून तलवार उपसणं.

याच मारेकऱ्यांची आरोळी होती ‘तेन्चू’, म्हणजे आकाशाने दिलेली शिक्षा. तिला ‘दैवी शासन’ म्हणा, ‘ईश्वरी दंड’ म्हणा, फक्त ‘देवाज्ञा’ नको. आपल्याकडे देवाज्ञा अंथरुणात होते.

‘सामुराई’ दोन कारणांनी बसत नाही. केन्शिन जन्माने शेतकऱ्याचा पोरका मुलगा, मूळ नाव शिन्ता. आणि कथा घडते १८७८च्या तोक्योत. त्याच्या दोन वर्षं आधी, २८ मार्च १८७६ रोजी, सरकारने लष्कर, पोलीस असे अपवाद सोडून इतरांना कमरेला तलवार लावायला बंदी केली होती. सामुराईची ती खूण कायद्यानेच गेली होती, त्यामुळे केन्शिनच्या कमरेची तलवार हा सरळ गुन्हा ठरतो. ‘धारकरी’ लिहिलंत तर वाचक थेट शिवकाळात जाईल. साधा ‘तलवारबाज’ पुरे. ‘रुरोनी’ हा तर लेखकानेच घडवलेला शब्द. त्यात ‘रुरो’ म्हणजे भटकंती आहे, शिवाय ‘रोनिन’चा, म्हणजे धनी गमावलेल्या सामुराईचा, भास आहे. त्याला मराठीत ‘फिरस्ता’ चांगला शोभतो. ‘भटक्या’ म्हटलं की जमातींची शासकीय यादी आठवते.

त्याच्या तलवारीला ‘बोथट’ म्हणण्याची चूक फार होते. कताना, म्हणजे सामुराईची नेहमीची तलवार, एकधारी आणि किंचित बाकदार असते, आणि धार बाकाच्या बाहेरच्या अंगाला. केन्शिनच्या ‘साकाबातो’ला ती आतल्या अंगाला आहे. वार केला की पात्याची पाठ लागते, म्हणजे एक-सव्वा किलोच्या पोलादी पट्टीचा तडाखा. हाड मोडतं, माणूस चिरला जात नाही. पण पातं हातात उलटं फिरवलं की धार समोर येते, आणि पुन्हा कोणाला न मारण्याची त्याची शपथ मोडण्याची भीती तिथेच आहे. ‘बोथट’ म्हटलं की ती भीतीच जाते. ‘उलट्या धारेची तलवार’ लिहा.

आता ‘पश्चात्तापदग्ध’. केन्शिनचं पात्र ज्याच्यावरून सुचलं तो गेन्साई असा कधी झालाच नाही. १८६४ मध्ये त्याने क्योतोत भर दिवसा साकुमा शोझान या विद्वानाला मारलं. परकीयांना हाकलण्याचा हेका त्याने नवं सरकार आल्यावरही सोडला नाही, आणि मेइजी राजवटीच्या, म्हणजे शोगुननंतर आलेल्या बादशाही राजवटीच्या, चौथ्या वर्षी त्या सरकारनेच त्याला मृत्युदंड दिला. अपराधाची बोच ही कथेने घातलेली भर आहे. तिच्यासाठी जपानी शब्द ‘त्सुगुनाई’, आणि तो नुसता मनातला जाळ दाखवत नाही. ‘त्सुगुनाउ’ हे क्रियापद नुकसान भरून देण्यालाही चालतं. पश्चात्ताप घरी बसूनही होतो. हा गडी दहा वर्षं रस्त्यावर आहे आणि भेटेल त्याच्यासाठी उभा राहतो आहे. ‘प्रायश्चित्त’ही नीट बसत नाही, कारण ते कोणीतरी सांगावं लागतं, ठरल्याप्रमाणे करावं लागतं आणि करून मोकळं होता येतं. याला सांगणारा कोणी नाही आणि मोकळीकही नाही.

मराठीत इथे ‘फेडणे’ आहे. कर्ज फेडतात, नवस फेडतात, पांग फेडतात, आणि पापही फेडतात. देणं आणि पाप दोन्हींना एकच क्रियापद, ‘त्सुगुनाउ’सारखंच. तेव्हा ओळख अशी करा: ‘पूर्वाश्रमीचा मारेकरी, केलेलं पाप फेडत फिरणारा तलवारबाज.’

संवाद भाषांतरित करणार असाल तर एक अडचण पुढे येईलच. एरवी केन्शिन स्वतःला ‘सेश्शा’ म्हणवतो, हे सामुराईंचं जुनं नम्र सर्वनाम, शब्दशः ‘हा अडाणी माणूस’. जुना मारेकरी अंगात आला की तो ‘ओरे’ या रांगड्या ‘मी’वर येतो, आणि जपानी वाचक तिथेच सावध होतो. मराठीत दोन्हींना ‘मी’च. ‘सेश्शा’साठी ‘पामर’ घातलं तर कीर्तन होतं, ‘बंदा’ घातलं तर फुशारकी. त्यापेक्षा समोरच्याच्या सर्वनामातून दाखवा: एरवी शत्रूलाही ‘तुम्ही’, आणि ‘ओरे’ आलं की त्याच माणसाला एकदम ‘तू’.